वारेवालीचा आवाज

मावशींचं त्या लेखिकेशी हाडवैर होतं. लेखिकेला त्याची गंधवार्ता नव्हती, एवढंच.

वैर सुरू झालं पाचव्या भागात, पान दोनशे अकरावर. तोवर मावशी तिच्या भक्त होत्या.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून मावशी निवृत्त झाल्या आणि अंधांच्या वाचनालयात पुस्तकं वाचू लागल्या. आठवड्यातून तीन सकाळी. त्या पात्रागणिक आवाज बदलत वाचायच्या, मशीन ते टिपून घ्यायचं आणि सभासद घरी बसून ऐकायचे. खोली कपाटाएवढी. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. तिथे स्वतःचा आवाजसुद्धा तोंडाबाहेर पडताच विझायचा. आत जाण्यापूर्वी हातातलं घड्याळ काढायचं. पोट गुरगुरू नये म्हणून दोन बिस्किटं. तोंड चटचट वाजू नये म्हणून आंबट सफरचंदाची एक फोड. पान उलटायचं नाही, अलगद उचलून बाजूला ठेवायचं.

काचेपलीकडे एमे बसायची. साहित्यात एम. ए. झालेली, म्हणून मावशींनी तिचं नावच एमे ठेवलं होतं. तिच्यासमोर तेच पुस्तक उघडं असायचं. ओळीखाली पट्टी धरून ती शब्द न् शब्द ऐकायची. मावशींनी 'आणि'च्या जागी 'व' म्हटलं तरी बटण दाबून म्हणायची, “परत घेऊ, मावशी.”

हा नियम मावशींचाच. नव्या वाचकांना त्या पहिल्याच दिवशी दम भरायच्या, “डोळसाला जे मिळतं तेच त्यांना मिळालं पाहिजे. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आपण नुसती तार आहोत.”

ही मालिका पाच भागांची होती. एक मुलगी वाऱ्याला दोरीच्या गाठीत बांधून ठेवते. काचेच्या किल्ल्याचा किल्लेदार तिच्यावर भाळतो. वाचनालयात सगळे त्या दोघांना वारेवाली आणि किल्लेदार म्हणत. पहिल्या भागात तो तिला पळवून नेतो. दुसऱ्या भागात तिनं गाठी मारू नयेत म्हणून तिची बोटं रेशमी फडक्यात आवळून ठेवतो आणि वर तिच्यावर कविता करतो. तिसऱ्या भागात ती दातांनी फडकं सोडते, वाऱ्यानं तटबंदी फोडते आणि चालती होते. चौथा भाग सगळा तिचा. समुद्रकाठी एक खोली, पाच शिष्या, हातात दोरी. आणि पाचव्या भागात किल्लेदार दारात येतो, डोळे पुसतो, आणि ही बाई त्याच्याबरोबर परत निघते. दोन पानांत.

“बाराशे पानं खपून एक बाई उभी केली,” मावशी चहा पिताना म्हणाल्या, “आणि दोन पानांत आडवी!”

“पात्राचा विकास पटत नाही,” एमे म्हणाली.

“विकास? ही घसरगुंडी आहे.”

“शेवट गोड करायचा असेल लेखिकेला.”

“मग साखर घालावी ना. बाईची अक्कल कशाला काढून घ्यायची?”

एमे हसली. मावशी हसल्या नाहीत. चहाही त्यांनी अर्धाच सोडला.

खुर्च्या विणणारे एक सभासद होते. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा.

“काय हो मावशी, त्या किल्लेदाराला लाथ बसली की नाही?”

“तिसऱ्या भागात बसली की, आजोबा.”

“एकीनं काय होतंय! असल्यांना हप्त्यानं द्यावी लागते. पाचव्या भागात काय होतं?”

“थांबा, दुसरी लाइन वाजतेय,” म्हणून मावशींनी फोन ठेवला. वाचनालयात फोनची लाइन एकच होती.

त्या आठवड्यात मावशी आल्या नाहीत. घसा बसलाय, असा निरोप पाठवला. शुक्रवारी दुपारी एमे सफरचंदं घेऊन त्यांच्या घरी गेली. मावशींनी खणखणीत आवाजात “कोण आहे?” विचारलं आणि दोघींनाही कळलं की घशाला काही झालेलं नाही.

घर दोन खोल्यांचं. मधल्या दारावर मावशींनी बोटांनी दोनदा टकटक केलं, क्षणभर थांबल्या, मग दार ढकलून आतून खुर्ची आणली. आत कोणी नव्हतं. एक पलंग, त्यावर घडी केलेली चादर, आणि खिडकीशी झाकण घातलेलं शिवणयंत्र.

“सवय,” मावशी म्हणाल्या.

एमे शहाणी मुलगी होती. तिनं सफरचंद कापायला घेतलं.

“दोनशे अकरा आणि दोनशे बारा ही पानं दुसऱ्या कुणाकडून वाचून घे,” मावशी म्हणाल्या.

“मध्येच? आजोबा विचारतील, ही कोण बया आली.”

“मग मी वारेवालीचा आवाज बदलते. माझ्या आवाजात वाचते तिचं.”

“चार भाग एक आवाज आणि आता दुसरा? मावशी, तुम्हीच म्हणता ना, आपण नुसती तार आहोत म्हणून?”

“तोंडावर नको फेकूस माझं वाक्य.” मावशींनी फोडींची ताटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तो आवाज माझा नाहीये, एमे. धाकटीचा आहे.”

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. मावशींना बहीण होती हेच एमेला माहीत नव्हतं.

पहिल्या भागाच्या पहिल्या दिवशी ते घडलं होतं. वारेवालीचं पहिलं वाक्य वाचायला मावशींनी तोंड उघडलं आणि बाहेर धाकटी आली. तिचा तो खालच्या पट्टीतला, शेवटचे शब्द घाईनं गिळणारा आवाज. मावशींनी बोलावला नव्हता. सव्वीस वर्षं तो कुठे होता, कोण जाणे. धाकटीचे फोटो होते चार. आवाज कुठेच नव्हता. एकतीस वर्षं आवाजांच्या धंद्यात काढली आणि घरचा एक आवाज राखता आला नाही. आणि तो असा परक्या पुस्तकातून चालत आला. त्या दिवसापासून मावशी त्या तीन सकाळींसाठी जगत होत्या. धाकटी चिडायची, किल्लेदाराला शिव्या द्यायची, शिष्यांची थट्टा करायची. चार भाग ती बोलत राहिली.

“धाकटी नवऱ्याला सोडून आली होती,” मावशी म्हणाल्या. “हात मोडला होता तिचा. आठ महिने त्या खोलीत राहिली. हात सुधारल्यावर शिवण शिकवायला लागली. मुली यायच्या. हसायला लागली होती. एकदा म्हणाली, ताई, तो दारात मेला तरी मी त्याला ओलांडून दूध आणायला जाईन.”

“मग?”

“मग एका दुपारी माझी ड्युटी चालू असताना बोर्डावर दिवा लागला. मी प्लग घातला, नंबर विचारला. तर ही. म्हणाली, ताई, मी जातेय त्याच्याबरोबर. तो आता तसा नाही राहिला. मी खुशीत आहे. माझ्यासमोर सात दिवे पेटलेले, सात जण लाइनवर ताटकळत. मी म्हटलं, बरं. आणि प्लग काढला.”

एमेच्या हातातली सुरी थांबली.

“सतरा दिवसांनी कळवलं तिच्या सासरच्यांनी. जिन्यावरून पडून गेली म्हणे.” मावशींनी फोड उचलली आणि परत ठेवली. “सव्वीस वर्षं मी तिच्यावर चिडलेय. त्याच्यावर नाही, तिच्यावर. एका दुपारात माणूस एवढं कसं बदलतं? कुठे गेली होती तिची अक्कल? आणि आता ही लेखिका तेच करतेय. तेही माझ्या तोंडून. धाकटीचा आवाज तेवढाच उरलाय माझ्याकडे, एमे. त्या आवाजात ते वाक्य परत ऐकायचं नाहीये मला. त्यानंतर तो आवाज येईलच, याची खात्री कोण देणार?”

साहित्याच्या दोन वर्षांत असा प्रश्न एमेला परीक्षेला आला नव्हता. जाताना ती एवढंच म्हणाली, “मी थांबवून ठेवते, मावशी. सांगेन, मशीन बिघडलंय.”

“खोटं नको बोलूस,” मावशी म्हणाल्या. “ती लोकं कानांनी जगतात. लगेच पकडतील.”

मंगळवारी सकाळी मावशी आल्या. घड्याळ काढलं. बिस्किटं खाल्ली. सफरचंदाला हात लावला नाही.

लाल दिवा लागला. पान दोनशे अकरा. किल्लेदार येतो, डोळे पुसतो, सांगतो की किल्ल्यात त्याला झोप लागत नाही. हे मावशींनी सरळ वाचलं. पुढच्या पानावर वारेवाली लहानग्या शिष्येला हाक मारते. मावशींनी पान उचलून बाजूला ठेवलं.

“'मी जातेय,' वारेवाली म्हणाली. 'तो आता तसा नाही राहिला. मी खुशीत आहे.'”

शब्द तंतोतंत होते. पण आवाज एक्स्चेंजचा होता. त्यात बाई नव्हतीच.

एमेनं बटणावर बोट ठेवलं. दाबावं की नाही कळेना. दाबलं.

“परत घेऊ, मावशी.”

दुसऱ्यांदा मावशींनी ते वाक्य रागानं वाचलं. जणू लेखिकेच्या अंगावर फेकलं. मग स्वतःच मान हलवली. परत.

तिसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले. वाक्य काही लांब नव्हतं, पाठच होतं. सव्वीस वर्षं पाठ होतं.

“'मी जातेय,'” धाकटी म्हणाली. “'तो आता तसा नाही राहिला. मी खुशीत आहे.'”

शब्द चुकला नव्हता. एकही नाही. पण काचेपलीकडे एमेनं पट्टी सोडून वर पाहिलं.

मावशींनी डोळे उघडले होते. त्या मान तिरकी करून बसल्या होत्या. एखादी लाइन मध्येच खरखरली की ऑपरेटर बसतात तशा.

“लाव परत,” त्या म्हणाल्या.

एमेनं लावलं. मावशींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले.

“परत.”

तीनदा झालं. मग मावशी म्हणाल्या, “पुस्तक मीट आणि सांग. कशी बोलतेय ही?”

एमेनं पुस्तक मिटलं. नीट ऐकलं. “जरा... मोठ्यानं बोलतेय. लहानगी शिष्या तर पुढ्यातच उभी आहे. एवढ्या मोठ्यानं कशाला?”

“आणि शेवटचे शब्द?”

“स्पष्ट आहेत. एरवी वारेवाली शेवटचे शब्द गिळते. इथे सगळे पुरते म्हटलेत. पाठ करून म्हटल्यासारखे.”

“मी तसं ठरवून नाही वाचलं,” मावशी म्हणाल्या. “ते तसंच आलं. तेव्हा जसं आलं होतं, तसंच.” त्यांचा आवाज बारीक झाला. “एमे, एक्स्चेंजमध्ये आम्ही हे पोत्यानं ऐकायचो. माणूस फोनवर एकाशी बोलतं, पण ऐकवत असतं दुसऱ्याला. शेजारी उभा असतो त्याला. आवाज थोडा चढतो, शब्द नको इतके साफ होतात. नवीन पोरींना मी शिकवायची हे. पहिल्या शब्दात ओळखायची मी.”

मावशींनी काचेवर बोट टेकवलं.

“किल्लेदार कुठे आहे तेव्हा? बघ तरी.”

एमेनं पुस्तक उघडलं. दोनशे बारा चाळलं, मग दोनशे अकरा. तळाशी, कवितेसारख्या चार ओळींच्या आधी, एक साधं वाक्य होतं. पट्टी त्यावरून आज सकाळीही गेली होती.

“'तो तिच्या मागे उभा होता,'” तिनं वाचलं. “'त्याचा हात तिच्या मानेवर होता.'”

दोघींनी ते वाक्य किती वेळा वाचलं होतं, त्याची गणती नव्हती. एमेनं त्याच्या समासात पेन्सिलीनं 'प्रेमळ' असं लिहूनही ठेवलं होतं. पात्राच्या विकासावर ती चार पानी टिपण लिहिणार होती.

“ती बदलली नव्हती,” मावशी म्हणाल्या.

गालिच्यांनी श्वाससुद्धा गिळून टाकले.

“औषधाच्या दुकानातून केला होता तिनं फोन. आमच्या गल्लीत तेवढाच होता. दुकानात कोण कोण होतं, मी विचारलं नाही. नुसतं 'कोण आहे गं शेजारी?' एवढं विचारायला काय लागलं असतं? ती 'कोणी नाही' म्हणाली असती. पण कशी म्हणाली असती, ते मी ऐकलं असतं.”

“मावशी, आज थांबू या.”

“नको. हे असंच ठेव. हात लावू नकोस त्याला. आजोबांना ऐकू दे. त्यांना कळेल.”

मावशींनी पुढची ओळ शोधली. ओळ लहानग्या शिष्येची होती. पाचही शिष्यांना मावशींनी वेगवेगळे आवाज दिले होते. या शिष्येचा आवाज चिमणीसारखा होता.

“'बरं,' लहानगी शिष्या म्हणाली. 'जा मग.'”

चिमणीचा आवाज आला नाही. मावशींचाच आला. सव्वीस वर्षांपूर्वीचा, घाईतला, समोर सात दिवे पेटलेले असतानाचा.

शिष्येचा आवाज चुकला होता. एमेनं बटण दाबायला हवं होतं. चार भाग तिनं 'आणि' आणि 'व'सुद्धा सोडले नव्हते.

तिनं पट्टी उचलली आणि पुढच्या ओळीखाली ठेवली.