जहाजावरचं लुगडं

काल्हेरच्या हौसाबायनं अडुसष्ट वर्षांत दोघांपुढंच माघार घेतली. एक खाडीची भरती आणि दुसरी तिची सासू. सासू वारली, मग भरती तेवढी उरली.

लुगडं गुडघ्याच्या वर, कासोटा आवळून मारलेला, हे तिचं नेसणं. खाडीच्या चिखलात मांडीएवढं रुतून निवट्या मासळ्या धरायच्या, लावणीला दिवसभर ओणवं राहायचं, तिथं पायघोळ नेसून कुणाचं पोट भरलंय? आता त्या भाताच्या जागी गोदाम उभं आहे, आत फ्रिजचे खोके छताला टेकलेत. भात गेलं, नेसणं नाही गेलं. आणि मानानं कुठं जायचं असलं की वरून फडकी. म्हणजे पांढरं धुवट कापड, कडेला रंगीत दोऱ्यांची नक्षी, खांद्यांवरून घेऊन गळ्याशी गाठ. हळद असो, साखरपुडा असो, मयत असो, फडकी घेतल्याशिवाय ही बाई उंबरा ओलांडायची नाही.

दिवाळीनंतर तिच्या लेकानं, मितेशनं, जहाजावरच्या पाच दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली. तो, बायको उन्नती, आई आणि बाप केसरीनाथ. तिकिटांसोबत नियमांचा कागद आला. दोन संध्याकाळी मोठ्या हॉलात थाटाचं जेवण. बाप्यांनी सूट, बायांनी गाऊन नाहीतर तसलाच भारी पोशाख, आणि गुडघे झाकलेले पाहिजेत.

भिवंडीच्या भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानात केसरीनाथ मुकाट सूटमध्ये शिरला. टायनं मान ताठ झालेली, तशीच वळवून त्यानं विचारलं, "बरा दिसतो का गो?"

"दिसताव की. पलून जायाच्या बेतातल्या नवऱ्यासारकं."

मग तिची पाळी आली. उन्नतीनं जांभळा गाऊन तिच्या अंगावर चढवला, पाठीची चेन ओढताना दोघींना घाम फुटला. हौसाबायनं आरशात बघितलं, बसून बघितलं, मांडी घालायला गेली तर शिवण कुरकुरली.

"उन्नते, मना यातनं भायेर कार. कांद्याचा पोता झालाय माजा."

"आई, मग सहावारी तरी नेसा. पैठणी देते माझी. पाय झाकले की झालं."

"पायांनी काय कुनाचा घोरा मारलाय?"

मितेशचा पारा चढला. "आये, तिकरं गुरघं उघरं चालत न्हाय. कागदावं लिवलंय. गोदाम घेतलेल्या कंपनीचं सायब पन येनार हायत त्या जहाजावं. माजी लाज काराची हाय का तुना?"

"तुजी लाज माज्या गुरघ्यान कवापासून र्‍हायला लागली रं?"

त्यानं पुढं भांडण काढलं नाही. आई तिथं गेल्यावर झगमगाट बघून आपोआप दबेल, असा त्याचा हिशेब. ज्या बाईला चाळीस वर्षं बघितलं, तिच्याबद्दल असा हिशेब पोटचा पोरगाच करू जाणे.

जहाजावर दुसऱ्याच दिवशी ती संध्याकाळ आली. हौसाबायनं हिरवं लुगडं नेसलं, कासोटा मारला, फडकीची गाठ बांधली, नाकात नथ घातली. मितेश केबिनच्या दारात आडवा उभा राहिला.

"आये, आयक. तू हितंच जेव. मी ताट मागवतो."

"का? मी काय बालतीन हाय, खोलीत ताट द्याला?"

त्याच्या हाताखालून वाकून ती बाहेर पडली. तिच्यामागं केसरीनाथ, मग गाऊन दोन्ही हातांनी उचलून उन्नती, आणि सगळ्यात मागं मितेश, चार हात अंतर ठेवून, जणू हे कोण ते त्याला ठाऊक नाही.

हॉलच्या दारावर काळ्या कोटातला माणूस होता. त्याची नजर वरून नथीवर आली, खाली गुडघ्यांवर गेली, तिथंच अडकली.

"मॅडम, सॉरी. नियम है. घुटने ढके होने चाहिए. थोडा नीचे कर लीजिए."

लुगडं म्हणजे काय खिडकीचा पडदा, ओढला की खाली यायला? हौसाबायचं हिंदी तिच्या चाळीतल्या यंत्रमागवाल्या भाडेकरूंकडून शिकलेलं, ते तिनं बाहेर काढलं.

"नीचे करेगी तो पूरा छूटेगा. चलेगा क्या?"

मागं रांग तुंबली. कंपनीचे साहेबही त्यात होते. मितेश दात आवळून म्हणाला, "आये, चल मागं. अजून येल गेली न्हाय."

हौसाबाय मागं गेली नाही. पुढंही गेली नाही. दारातल्या मऊ गालिच्यावर तिनं झकास मांडी ठोकली. रांगेतल्या एकाही झगेवालीला ते जमलं नसतं.

"तेरा बडा आदमी बुला. हम बैठा है."

मॅनेजर आला. चष्मा लावलेला, थकलेला. "ये क्या पहना है, अम्मा?"

"ये हमारा बडा कपडा है. शादी में येच, मयत में येच, मंदिर में येच. मेरा मरद को देख, उसका कोट भाडे का है. मेरा भाडे का नहीं."

केसरीनाथनं खाली बघितलं. मॅनेजरनं रांग बघितली, घड्याळ बघितलं.

"ठीक है. उधर खंबे के पीछे एक टेबल है, वहाँ..."

"हमारा टेबल कौनसा?"

"सात."

"तो सात पे बैठेगी."

ती उठली, फडकी झटकली आणि सात नंबरला जाऊन बसली. लोक बघत होते. कुणी हसलंही. तिनं पापलेट हातानं खाल्लं, काटे ताटाच्या कडेला मांडले आणि मसाला कमी असल्याचं वाढप्याला सांगितलं. मितेश ताटातून मान वर काढेना. साहेब त्याच्याशी बोलायला आले नाहीत. ते हिच्यामुळं की सूप पिण्यात गुंग होते म्हणून, कोण जाणे.

चौथ्या दिवशी पुन्हा तशीच संध्याकाळ होती. मितेश म्हणाला, "आमी न्हाय येत. उन्नतीचा डोका दुखतय. केबिनमधीच मागवतो."

"मागव," हौसाबाय म्हणाली आणि फडकीची गाठ घट्ट केली.

दारावर तोच माणूस होता. यावेळी तो नुसता बाजूला सरकला. सात नंबरवर ती आणि केसरीनाथ दोघंच बसले. वाढपी रिकाम्या दोन खुर्च्या उचलायला आला, तेव्हा तिनं एकीच्या पाठीवर हात ठेवला.

"रहने दे. भूख लगेगा तो आएगा."