मरळ कोणाच्या तलावाची

मनसाराम बल्लारपूरला बांबूच्या डेपोत हमाल. बंडल खांद्यावर घ्यायचं, ट्रकवर चढवायचं, एकोणीस वर्षं हेच काम. पण अंगावर घेतलेलं काम त्यानं कधी अर्धं टाकलं नाही. १९९९च्या जानेवारीत धाकटी बहीण कुंता गावाहून तोंड पाडून आली, तेव्हा त्यानं आधी तिला जेवू घातलं. मग विचारलं, "काय झालं?"

कुंता ढिवराची बाई. तलावात जाळं टाकणारी, आवाज खणखणीत. रेडिओ केंद्रानं तिला दर गुरुवारी सकाळी साडेसातला दहा मिनिटं दिली होती. कार्यक्रमाचं नाव 'तलावाची खबर'. मासोळीचं बीज, जाळं, पाणी आणि शेवटी एक गाणं.

"साहेब म्हणते, कोणी ऐकतच नाई. होळीपर्यंत पन्नास पत्रं आली तं ठेवतो, नाई तं बंद."

"आतापर्यंत किती आली?"

"तीन. त्यातली दोन वहिनीची."

चुलीजवळ बसलेली वहिनी म्हणाली, "तिसरंबी मीच लिवलं. अक्षर बदलून."

मनसारामनं नऊ दिवसांची सुट्टी टाकली. सायकलच्या दांडीला रेडिओ बांधला. रोज एक तलाव, असे नऊ गावचे नऊ तलाव केले. जाळं ओढून होईपर्यंत त्यानंही दोर धरला. फुकट उभा राहून बोलणं त्याला जमत नसे.

मासोळी काठावर आली की सारखे ढीग लावत. एक जण पाठ फिरवून बसे. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारी, "हा कोणाचा?" पाठ फिरवलेला नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा ढीग. कुरकुर नाही. हा वाटा पडायची वेळही साडेसातचीच. मनसारामनं सगळ्यांना सांगितलं, "गुरुवारी रेडिओ पळसाच्या फांदीले लटकवा. अन् पत्र लिवा."

"लिवतो ना, भाऊ!"

शब्द पाळला. नऊ गावांतून नऊ कार्डं आली. एकेका कार्डावर चाळीस-चाळीस अंगठे. साहेबानं मोजली नऊ.

मनसाराम पुन्हा सायकलवर बसला आणि झिंगूच्या गावी गेला. झिंगू तिथला जुना जाळेवाला.

"एकेकानं काऊन नाई लिवलं, झिंगूभाऊ?"

"अरे, जाळं सगळ्याईनं ओढलं अन् पत्र मी एकट्यानं लिवू? लोक म्हणतील, झिंगू लय शायना झाला."

बोलणं खरं होतं. मनसाराम परतीचे बावीस किलोमीटर डोकं खाजवत आला. स्तुती करायला माणूस गाव गोळा करतो. एकट्यानं काय करतो? घराशी सायकल टेकवली तेव्हा त्याला हसू फुटलं होतं. त्यानं कुंताला काय बोलायचं ते सांगितलं.

"दादा, लोक मले मारतील!"

"मारायले येतील तं ऐकूनच येतील ना?"

गुरुवारी कुंता रेडिओवर ठसक्यात म्हणाली, "मरळ खावी तं आमच्या तलावाची. बाकी तलावांची मरळ म्हणजे निरा चिखल. ज्याले पटत नसन, त्यानं लिवावं. ज्याचं भांडण त्यानं आपल्या नावानं लिवावं."

सोमवारपासून डाक सुरू झाली. एकानं लिहिलं, 'बाई, तुझी जीभ तपासून घे.' दुसऱ्यानं जेवायला बोलावलं आणि तारीखही टाकली. एटापल्लीकडच्या जंगलातून सुकरीबाईनं कळवलं, 'तुमचे तलाव राहू द्या. आमच्या नाल्याची मासोळी तुम्ही अजून चाखली नाही.' होळीला बारा दिवस होते आणि पत्रं झाली एकशे सात. साहेब वाचता वाचता हसून लाल झाला. म्हणाला, "बाई, आता पंधरा मिनिटं बोला. पत्रंही वाचून दाखवा."

पुढच्या गुरुवारी मनसाराम मुद्दाम झिंगूच्या तलावावर गेला. ढीग लागले होते. पाठ फिरवून बसायची पाळी झिंगूची होती. पळसाला रेडिओ लटकत होता. झिंगूचा जोडीदार बिरजू, त्यानं पहिल्या ढिगावर हात ठेवला.

"हा कोणाचा?"

झिंगूनं कान पळसाकडे केला.

"अरे झिंगू, हा कोणाचा?"

"थांब रे! माह्यं पत्र वाचून राह्यली ते!"

झिंगूनं कुंताला दिलेल्या शिव्या कुंताच मोठ्यानं वाचत होती आणि झिंगू पाठमोरा बसून मान डोलावत होता. सारा काठ हसून लोळला. ढीग तसेच पडलेले, कावळे उतरू लागलेले. मनसारामनं काठी घेतली आणि पत्र संपेपर्यंत कावळे हाकलले.