कपारीतली माती

सीमंतिनी शाळेत माझी विद्यार्थिनी होती तेव्हा चित्रकलेच्या तासाला नेहमी शेवटी उरायची. इतर मुली डोंगर, सूर्य, झोपडी काढून मोकळ्या व्हायच्या आणि ही समोर ठेवलेला पेरू काढत बसायची, त्याच्यावरच्या डागासकट. आता ती पन्नाशीच्या पुढे आहे. हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरात, खासगी बाजार नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांत एकटी राहते आणि बाडा या मुख्य चौकाजवळच्या एका लहानशा संग्रहालयात काम करते. लोकांना कुठे जुने दगड सापडले तर ते बघून सांगायचं, माणसाने घडवलेलं हत्यार असेल तर त्याचं चित्र काढायचं, नोंद करायची आणि वस्तू ज्याची त्याला परत द्यायची. चित्रात उजेड नेहमी वरून डावीकडून पडलेला दाखवायचा, म्हणजे कोणाच्याही हातचं चित्र कोणालाही वाचता येतं. हे तिनेच मला शिकवलं.

दर रविवारी सकाळी ती संग्रहालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडते. मी निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, "बाई, घरी बसून काय करता? येऊन लोकांची नावं तरी लिहून घ्या." तेव्हापासून मी जाते.

येणारे लोक गमतीचे असतात. कोणी आजीचा वरवंटा आणतो. कोणी चंबळच्या वाळूतला गोटा रेशमी कापडात गुंडाळून आणतो. एकदा नया बाजारातले एक व्यापारी मोठ्या ऐटीत निळा चकचकीत तुकडा घेऊन आले.

"काका, ही टाइल आहे," सीमंतिनी म्हणाली.

"पक्का?"

"मागे कंपनीचं नाव आहे बघा."

"अहो, त्या काळी पण कंपन्या असतील की!" ते म्हणाले, आणि सगळे हसले, तेही.

ती कोणाला हिणवत नाही. पण घरी जाताना एकदा मला म्हणाली, "इतकी वर्षं झाली, बाई. शेकडो हत्यारं काढली. आणि ठिकाणाच्या रकान्यात काय? 'शेतात.' 'नाल्याच्या कडेला.' सगळी वाहून आलेली. ज्या जागी ती माणसं बसून दगड घडवत होती, ती जागा जशीच्या तशी मला एकदा नोंदवायची आहे. मग मी रिटायर."

महिपतराव जगदाळे आले ते गणपती उठल्यानंतरच्या रविवारी. शहराबाहेर एका टेकडीवर दगडाची खदान आहे, तिथे ते चौकीदार होते. साठीचे, ताठ, मिशा पांढऱ्या. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते. सोबत मुलगी उन्नती होती, कॉलेजात शिकणारी. त्यांनी रुमाल सोडला. आत बोटभर लांबीची पाच पाती होती आणि भाल्याच्या टोकासारखा एक दगड. सगळ्यांवर तांबडी माती चिकटलेली.

सीमंतिनीने भिंग उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग मलाही दाखवलं. घाव बसला त्या टोकाशी दगड किंचित फुगलेला होता आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा पसरल्या होत्या. एक कड काचेसारखी धारदार, दुसरी बोट कापू नये म्हणून मुद्दाम बोथट केलेली.

"हा गारगोटीच्या जातीचा दगड तुमच्या टेकडीत होतच नाही," ती म्हणाली. "कोणीतरी लांबून आणून तिथे घडवलाय. काही हजार वर्षांपूर्वी. कुठे मिळाला?"

"खदानीच्या मागे एक कपार आहे, ताई. दुपारी मी तिथे सावलीत बसतो. बाजूची माती ढासळली, तर आतून हे बाहेर आले. अजून आहेत, रांगेत, जसे कोणी आत्ताच मांडून उठून गेलंय."

सीमंतिनीच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिला तिथे जायचं होतं, पण मालकाने आत सोडलं नाही. सुरुंगाचं काम चालतं, बाहेरच्यांना मनाई. तिने पुरातत्त्व खात्याच्या वरच्या कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं की दसऱ्यानंतर अधिकारी पाहणीला येतील, जागा खरी ठरली तर तेवढ्या भागातलं काम थांबेल. दगड मात्र सापडले तसे, मातीसकट दाखवावेत. त्यांच्यावरची माती आणि कपारीतली माती एकच आहे हे ताडून बघता येतं. माती खरवडून पुडीत ठेवली तर ती कुठलीही असू शकते. ती दगडालाच चिकटलेली हवी. नियमाप्रमाणे पाहणीची सूचना खदानीच्या मालकालाही गेली.

सीमंतिनीने हे सगळं महिपतरावांना समजावलं आणि म्हणाली, "काम थांबलं तर तुमच्या नोकरीवर येईल."

"मी चौकीदार आहे, ताई. राखणं माझं काम. काय राखायचं ते मालकाने कुठे सांगितलंय?"

"दगड इथेच ठेवता का?"

ते घुटमळले. "नवमीपर्यंत माझ्याकडे राहू द्या. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पूजतात. घरातली तलवार आमच्या आजोबांनी विकली. तेव्हापासून मी विळी आणि स्क्रू पिळायचा पेचकस मांडतो. यंदा माणसाच्या हातची पहिली हत्यारं घरात आहेत. एकदा देवीपुढे ठेवतो. बस."

"पप्पा, सेंटी मत हो," उन्नती म्हणाली, पण तिचेही डोळे चमकत होते.

संग्रहालय लोकांची वस्तू त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवून घेत नाही. शिवाय सीमंतिनीला त्यांचं मन मोडवलं नसतं. "न्या. पण धुवायचे नाहीत. पाणी लावायचं नाही."

"एक थेंब नाही लागणार," महिपतराव म्हणाले.

अष्टमीच्या दुपारी मालकाने कपारीला सुरुंग लावला. महिपतरावांना सकाळीच दुसऱ्या फाटकावर पाठवलं होतं. आवाज ऐकून ते धावले तेव्हा तिथे नुसती धूळ होती. तिथल्या मातीचे ढिगारे संध्याकाळपर्यंत डंपर भरून गेले, कुठे ते कोणी सांगेना. त्यांनी सीमंतिनीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "दगड आहेत ना तुमच्याकडे? मग अजून सगळं गेलेलं नाही. सांभाळा."

दसऱ्यानंतर पाहणीच्या दिवशी अधिकारी आली. गरिमा नावाची तरुण मुलगी, कामाला चोख. आधी खदानीवर जाऊन सपाट झालेली जागा बघून आली आणि व्हरांड्यात बसली. म्हणाली की वरच्या कड्यात तांबड्या मातीचा एक पट्टा अजून शिल्लक आहे, दगडावरची माती जुळली तर ती काम थांबवण्याची शिफारस करेल. इतक्यात महिपतराव उन्नतीबरोबर आले. नवं धोतर, डोक्याला फेटा. त्यांनी डबा उघडला.

आत सहा दगड होते. तेलाने तुकतुकीत, प्रत्येकावर शेंदराचं बोट ओढलेलं, वर झेंडूची पाकळी. मातीचा कण नव्हता.

महिपतरावांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं.

"पाणी नाही लावलं, ताई," ते म्हणाले. "लिंबू आणि राख. काथ्याने घासले, मग तेल. शस्त्र मळकट कसं ठेवणार देवीपुढे?"

"मी बोली थी पप्पांना, मॅडमने मना किया है," उन्नती हळूच म्हणाली. "म्हणाले, वो धोने को मना बोली है, हे तर शस्त्र उजळणं आहे."

गरिमाने एकेक दगड हातात घेऊन पाहिला. आवाज न चढवता हिंदीत सांगितलं की हत्यारं अस्सल आहेत, पण ती त्याच कपारीतली आहेत हे आता दाखवता येणार नाही. शिफारस करता येणार नाही. जाताना तिने महिपतरावांना वाकून नमस्कार केला. ते तसेच उभे राहिले.

ती गेल्यावर सीमंतिनी माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, मला वाटलं हळदकुंकू वाहतील, फूल ठेवतील. आमच्याकडे त्या दिवशी वह्या-पुस्तकं मांडतात. ती कोण घासतं?"

माझ्याकडेही पुस्तकंच मांडतात. मलाही सुचलं नव्हतं. आम्ही सगळे इथले मराठी, सगळ्यांचे पूर्वज एकाच रस्त्याने आलेले, आणि शेजारच्या घरात नवमीला तलवार घासून लख्ख करतात हे आम्हाला माहीत नाही.

महिपतराव पायरीवर बसले होते. त्यांची नोकरी आदल्या दिवशीच गेली होती, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. उन्नतीकडून कळलं. सीमंतिनी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली.

"मीच मारलं त्या जागेला," ते म्हणाले.

"सुरुंग तुम्ही नाही लावला."

"सुरुंगातून जे वाचलं होतं ते मी घासलं ना, ताई."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. चहा कोणी प्यायला नाही.

मग ती उठली, आतल्या खोलीतल्या टेबलाशी आली आणि तिने भिंग घेतलं. दिवसभर ती ते दगड तपासत होती, प्रत्येक खाच, प्रत्येक टवका. काथ्या कुठेतरी पोचला नसेल, एखादा कण राहिला असेल. महिपतराव दारात उभे होते. दुपार कलली तेव्हा त्या भाल्याच्या टोकाच्या बुडाशी, एका बारीक चिरेत, तिला काहीतरी तांबडं दिसलं. "बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला. "खिडकी उघडा." मी खिडकी उघडली. महिपतराव दोन पावलं आत आले. तिने तो कण न काढता, चिरेतच सुईच्या टोकाने अलगद दाबून पाहिला.

तो तेलात पसरला. शेंदूर होता.

तिने सुई पुसली. मग कागद ओढला आणि पहिलं पातं काढायला घेतलं, उजेड वरून, डावीकडून. सहाही चित्रं पुरी व्हायला पुढचा रविवार लागला. तिने शेंदूरही काढला, जिथे होता तिथे, बारीक ठिपक्यांनी. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: 'महिपतराव जगदाळे यांच्या सांगण्यानुसार, खदानीमागील कपार. कपार आता नाही.'

महिपतरावांना तिने दगड परत द्यायला काढले. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुमचे आहेत," ती म्हणाली.

"नाही ताई. इथेच राहू द्या. घरी असले तर पुढच्या नवमीला माझे हात पुन्हा तेच करतील."