वामनरावाचा हत्ती

वामनराव कुणाच्याही हातातलं नाणं काढून घ्यायचा. विचारायचा नाही. इथे परदेशात, मुलाच्या ओंगार वस्तीतल्या दुकानात एका म्हातारीने पाकीट उघडलं, तर याने तिच्या तळहातावरचं नाणं उचललं आणि उलटं केलं. "मागची बाजू बघू," म्हणे. बाई दचकली, मग हसली. "यू आर ग्रँड," म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत असू दे. मला काही हसू आलं नाही.

हा माझा व्याही, माझ्या सुनेचा, मुग्धाचा बाप. नाशकात कॉलेजवर जुन्या काळचा इतिहास शिकवायचा. मी चौथीपर्यंत शिकलेला. हौसा, माझी बायको, इथेच मुलाकडे असताना वारली. ती गेल्यावर वर्षाने हा पाहुणा आला आणि माझ्या शेजारच्या खोलीत तळ ठोकून बसला. त्याच्याबद्दल लिहा, असं मुग्धाच म्हणाली. गेलेल्या माणसाचं चांगलं लिहावं म्हणतात. माझ्याजवळ आहे ते लिहितो.

बोलायला लागला की थांबायचा नाही. "आबासाहेब, ओळखीच्या माणसाला नाणं लागत नाही. तुमच्या गावात न्हाव्याला काय देत होता? ज्वारी. अनोळखी माणसं एका जागी नांदायला लागली, की खात्रीचा ठसा लागतो. मग बाजार भरतो, शहर फुगतं."

"मग तुम्ही इथे आयतं खाता ते कुठल्या ठशावर?" मी एकदा म्हटलं. तो खो खो हसला. "मुद्दा आहे!" शिवीतसुद्धा मुद्दा शोधणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मुलाचं ऑफिस दाखवायला त्याला ग्रँड कॅनाल डॉकला नेलं, तर काचेच्या इमारतींकडे पाठ करून पाण्याकडे बघत उभा. "जहाजांतून आलेल्या लोकांनी हे शहर वसवलं. इथे नाणी पाडली तीही त्यांनीच."

"पाऊस आलाय, मास्तर."

"येऊ द्या की."

त्याचं जाकीट जाड होतं. भिजलो मी.

आता हौसाच्या नाण्याचं सांगतो. आमच्या गावाला पांढरीचं टेकाड आहे, जुनी वस्ती गाडली गेलेलं. हौसा नवी नवरी असताना चुलीसाठी तिथली माती आणायला गेली आणि मातीत तिला ते सापडलं. तिने ते लक्ष्मी म्हणून देवात ठेवलं. रोज हळदकुंकू लावायची, पण धुवायची कधीच नाही. "बाकीच्यांना आंघोळ. हिला नको, हिच्यावर आपल्या गावची माती आहे." थरावर थर चढून ते सालीसारखं जाड झालं होतं. इथे स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, तिने देव मांडले. सगळ्यात वरच्या थरावर तिच्या बोटाचा खळगा होता. ती गेल्यावर मी त्यावर कुणाला बोट टेकू दिलं नाही.

एका सकाळी फिरून आलो, तर प्रेस उघडं. वामनराव सिंकपाशी उभा, हातात जुना टूथब्रश, बाजूला पिळलेली लिंबं.

"आबासाहेब, हत्ती! सातवाहनांचं आहे हो! सोंड बघा कशी उचललीय! तुमच्या टेकाडाखाली शहर आहे, शहर!"

मी आधी नळ बंद केला. पिवळं-लाल पाणी गेलंच होतं. जाळीवर काहीतरी अडकलेलं दिसलं, ते चिमटीत धरलं. लिंबाचा चोथा निघाला.

"धुतल्याशिवाय नाणं बोलत नाही," तो म्हणाला.

"बायको होती ती माझी."

त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "मला दिसलंच नाही."

"दिसणार कसं? तुला मागची बाजू बघायची असते."

हत्ती झाकला जाईपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो रोज माझ्या पुढ्यात चहा आणून ठेवायचा. मी तो ओतून द्यायचो. विमानतळावर त्याने हात पुढे केला, तेव्हा मी खिशातले हात काढले नाहीत.

त्या दिवसापासून हळद मी लावतो. नाशकाहून दर रविवारी त्याचा फोन यायचा. मुग्धा कानाला फोन लावून माझ्याकडे बघायची. "बाबा विचारतायत, हत्ती झाकला का?" मी मान हलवायचो. नाही.

गेल्या थंडीत तो गेला. आता रविवारी कुणी विचारत नाही. पाय झाकलेत, पाठ झाकलीय. सोंड अजून दिसते.