धाकट्या शिखरावरची पंचमी

आमच्या डोंगराला दोन शिखरं. थोरल्यावर देऊळ, म्हणून पाहुणे तिकडंच धावतात. धाकटं पुरुषभर कमी, तर त्याला कुणी विचारत नाही. न का विचारेनात! वर कुसळं, काळे खडक आणि आमचं वारूळ. नागपंचमीला गावच्या लेकी लाह्या वाहायच्या त्या तिथंच.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची पंचमी. लग्नाला वर्ष झालेलं, सणाला मी माहेरी आले होते. आम्ही दहा-बारा जणी वर पोचलो, तर पोलिसांचा अमीन एका जवानाला घेऊन आधीच हजर. बार्शीकडून, म्हणजे हिंदुस्थानातून, निजामाची हद्द ओलांडून येणारी वाट तिथून दिसते, म्हणून त्याला चौकी उभारायची होती. खांबाचा खड्डा नेमका वारुळावरच हवा होता. वेठीला धरून आणलेली चार माणसं मान खाली घालून उभी होती. पंचमीला आमच्याकडं कुणी जमीन खणत नाही, भाजी चिरत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. अमीन शिव्या देत होता. आम्ही सरळ वारुळाभोवती बसून घेतलं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण राग त्याहून मोठा होता.

मग त्यानं चौघांतल्या एकट्या मुसलमानाला, आमच्या गावच्या पिंजाऱ्याला, पुढं बोलावलं. तुझा कुठला सण, तू खण म्हणाला. पिंजारी बोलायच्या आत माझ्या शेजारची त्याची बायको उठली. वारुळाची कापसाची माळ दरवर्षी तीच करायची.

"साब, मेरे घर में बी आज तवा नै चढ्या."

अमीन चिडला. प्रत्येकीचं नाव लिही, नवऱ्याचंही लिही, असं त्यानं जवानाला फर्मावलं. बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात, उठून पळतील, असा त्याचा होरा असावा. पिंजाऱ्याच्या बायकोनं आधी सांगितलं. मग माझी पाळी. उखाण्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी घेतलं. जवानाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा घेतलं, पार खालच्या रानात जाईल एवढ्या आवाजात. माझ्यामागून सगळ्याच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी खड्डा पडला, पण वारूळ सोडून चार हात लांब.

ही गोष्ट माझ्याआधी सासरी पोचली. उंबऱ्यातच सासूबाईंनी अडवलं आणि चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलंस हे खरं का, म्हणून विचारलं.

"व्हय," म्हटलं, "दोनदा."