पडद्यावरचं कुंकू

“असल हाय का नक्कल?”

दुकानाची पायरी चढणाऱ्याला रामराम घालण्याआधी भाऊ हे विचारायचे. कॅसेट हातात घ्यायचे, अंगठ्यानं तिचं झाकण उचलायचे आणि आतली फीत उजेडाकडे तिरकी धरून पाहायचे. असल आणि नक्कल हे आमच्याकडे तहसील कचेरीतले शब्द. शेताची पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, काढायला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक. भाऊंनी ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींना लावले होते.

आदिलाबादला माझा टायपिंगचा वर्ग आणि त्याला लागून भाऊंचं व्हिडिओचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडची मंगलाष्टकं ऐकत माझ्या पोरी टाइप करायच्या. नकलेवरून नक्कल ते कधीच काढत नसत. इंद्रवेल्लीहून आलेल्या एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी तसंच परत पाठवलं होतं. “असल आणा, मंग या. नकलेची नक्कल केली तर नवरीचं नाक दिसत नाई.”

दुसरे व्हिडिओवाले दोन मशीन जोडून हवं ते ठेवत, नको ते गाळत. त्यात चित्र दर वेळी थोडं मळतं, म्हणून भाऊ काटछाट आधीच डोक्यात करत. भटजी किती लांबवणार, जेवणं कधी उठणार, हे सगळं विचारून मगच कॅमेरा सुरू. लग्न संपलं की कॅसेटही तयार. त्यांच्या या हट्टाला मी पुष्कळ हसले आहे, आणि पुढे त्याच हट्टावर माझा वर्ग तरला.

नव्वदीच्या दशकात कचेऱ्यांना टाइपरायटर नकोसा झाला. मी एक कॉम्प्युटर आणला. मशीन एक आणि शिकणारी पोरं खोलीभर. बाजारहत्नूरकडची एक पोर बसनं यायची, तिची पाळी यायची आणि वीज जायची. वीज येईपर्यंत परतीची बस निघून जायची. असंच चाललं असतं तर पोरं नांदेडला गेली असती, नाहीतर घरी बसली असती, आणि मी कुलूप लावलं असतं. मग मला सुचलं, की कॉम्प्युटरचा पडदाच कॅसेटवर घ्यायचा. गावोगाव टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं मिळत होते. पोरांनी गावात बसून पाहावं, शिकावं आणि माझ्याकडे फक्त बोटं चालवायला यावं. अट एकच, अक्षर वाचता आलं पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात पडद्यावर काळे पट्टे सरपटत गेले. “पडदा येगळ्या चालीनं लुकलुकते, कॅमेरा येगळ्या,” असं म्हणून भाऊंनी ती चाल जुळवता येणारा कॅमेरा एका ओळखीच्या माणसाकडून मागून आणला. दुसऱ्या दिवशी तो परत करायचा होता. मग त्यांचे हुकूम सुटले. अक्षरं पांढरी ठेवा. लाल रंग बिलकुल नको, टेपवर लाल पसरते. मी, कॉम्प्युटर आणि कॅमेरा, तिघांवर त्यांनी काळी चादर टाकली. चूक झाली की ते फीत मागे घेऊन तिथूनच पुढे धरत. मी पायरी बोलून दाखवायची आणि बटण दाबताना श्वास रोखून धरायची. “बाई, काऊन जीव कोंडून राह्यल्या? धडा हाय, फाशी नाई.”

संध्याकाळी कॅसेट लावून पाहिली. अक्षर न् अक्षर लख्ख, आणि वरच्या कोपऱ्यात एक लालभडक ठिपका. लालला बंदी घालणाऱ्या माणसानंच सकाळी, काम सुरू करण्याआधी, बासरच्या सरस्वतीच्या देवळातून आणलेलं कुंकू पडद्याच्या काचेला लावलं होतं, आणि कळा सांभाळण्याच्या नादात मला ते दिसलंच नव्हतं.

मी भडकले. “भाऊ, आमच्या घरी बुद्धवंदना होते. तुमाले ठावं नाई का?”

“हात सवयीनं गेला, बाई. लगनात पयलं कुंकू, मंग कॅमेरा.” त्यांनी मान खाली घातली. “फिरून घ्यावं तर कॅमेरा सकाळीच द्याचा हाय. आता काढतो म्हटलं तर नकलेवर काम करा लागंल. अक्षर मरंल.”

अक्षरासाठी मी कुंकू सोसलं.

कॅसेटी गावोगाव गेल्या. काही महिन्यांनी बाजारहत्नूरची ती पोर आली. कारकुनाच्या भरतीची परीक्षा तोंडावर होती. तिनं पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या मॉनिटरला कोपऱ्यात कुंकू लावलं. “हे काय?” मी विचारलं. “बाई, पयली पायरी हेच हाय ना? कॅसेटीत तसंच हाय.” मग तिनं झरझर मजकूर टाइप केला, एफ आठच्या जागी एफ तीन दाबलं आणि अख्खं पान गेलं. तिचा चेहरा उतरला. “मले तर तीनच दिसलं होतं, बाई.”

भाऊंनी तिची कॅसेट लावली. कोपऱ्यातलं कुंकू पुसल्यासारखं उजवीकडे ओघळलं होतं, आणि आठ कुठला, तीन कुठला, काही कळत नव्हतं. “नकलेच्या नकलेची नक्कल,” ते म्हणाले. कुणीतरी बाजारात काढून विकली होती.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पिशवीत कॅसेटी घालून बसनं गावं हिंडू लागले. कुणाच्याही घरी जाऊन कोपऱ्यातला ठिपका पाहायचे. गोल असला तर कॅसेट राहू द्यायचे, पसरलेला असला तर ती काढून घेऊन चांगली द्यायचे. त्यांच्या त्या चुकीइतकी कामाची वस्तू माझ्या वर्गात दुसरी नव्हती. प्रत्येक नवी कॅसेट असलवरून निघत होती, आणि फीत जितकी फिरते तितकी झिजते. जी असल ते कुणाला हात लावू देत नसत, ती आता रोज मशीनमध्ये होती.

“भाऊ, असल झिजंल,” मी म्हटलं.

“झिजू द्या. ठेवून काय लोनचं घालाचं हाय तिचं?”

ती पोर पास झाली. कचेरीत रुजू होण्याआधी पेढे घेऊन आली ती थेट त्यांच्या दुकानात, माझ्याकडे नंतर. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानात मोबाइलची कव्हरं लटकतात. वहिनींनी ती असल माझ्याकडे आणून दिली. “बाईलेच द्या म्हणून सांगून गेलते,” एवढंच त्या म्हणाल्या. परवा भाचा म्हणाला, “आत्या, याची कॉपी करून ठेवू.” मी म्हटलं, “ठेव, पण याच कॅसेटीवरून.”

तो कुठूनतरी व्हीसीआर घेऊन आला. चित्रावर ठिकठिकाणी पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, माझा आवाज थरथरत होता. कोपऱ्यातलं कुंकू मात्र गोल होतं. धडा संपला. भाऊ नक्कल काढताना नेमके इथेच मशीन थांबवायचे, त्यामुळे पुढे काही असेल हे मला माहीत नव्हतं. भाचा बटणाकडे हात नेत होता, तो मी धरला. पडदा तसाच होता, कुठेतरी बसचा हॉर्न वाजला, आणि चादरीआडून अगदी जवळून भाऊ म्हणाले, “झालं, बाई. सोडा आता श्वास.”