मैदानाकडे पाठ

न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलला माझी लेक ज्या कॉलेजात शिकते, तिथले मुलींचे क्रिकेट कोच प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. "वारा बघा, वारा बघा." कुणी चौकार मारला की "स्वीट ॲज, स्वीट ॲज!", म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. रविवारी ते खासगी शिकवणीही घेतात. लेकीला मी तिथं घातलं. खरं सांगतो, शिकवणी लावली की संघात वर्णी लागेल, असाच माझा बेत होता.

निवड चाचणीच्या दिवशी मला एका जागी उभं राहवत नव्हतं. लेक पॅड बांधून आत निघाली, आणि कोचनी हातातली निवडीची यादी सोबतच्या मॅडमकडे दिली. मग सरळ माझ्यासमोर येऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहिले!

"अहो, हे काय?" मी ओरडलोच.

"ती माझ्या शिकवणीला येते. तिची निवड मी करायची नाही. कॉलेजच्या करारात आहे, करारात आहे. ते कलम मीच घालायला लावलं."

माझा चेहरा पडला. तेवढ्यात बॅटचा खणखणीत आवाज आला. कोचच्या भुवया उडाल्या. पुढचा चेंडू, त्याहून खणखणीत! त्यांचे डोळे चमकले, ओठ पुटपुटले. नुसत्या आवाजावर हा माणूस माझ्या लेकीची अख्खी खेळी बघत होता. मीही वर्णीबिर्णी विसरून टाळ्या पिटायला लागलो.

"सगळं कळतंय तुम्हाला, मग पाठ कशाला केलीत?"

"माझा चेहरा बघून मॅडमनी ठरवू नये म्हणून."

हे मात्र ते एकदाच बोलले.